पहिली गेडी

नागपूरहून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला महाराष्ट्र कोठे संपला हे रस्त्यावरची पाटी वाचल्याखेरीज कळत नाही. सौंसरच्या अलीकडे जे काळे रान दिसते तेच पलीकडेही असते. तीच कपाशी, त्याच संत्र्याच्या बागा, आणि ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तीच नागपुरी वळणाची मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर व पांढुर्णा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरहद्दी अशा हलत राहिल्या. माणसांचे सणवार मात्र जागचे हलले नाहीत.

या मुलखाचे खरे रूप पाहावयाचे असेल तर ते पावसाळ्यात पाहावे. कान्हान आणि जाम या नद्यांना गढूळ पाणी भरलेले असते, सातपुड्याच्या उतारांवर हिरवळ दाटलेली असते आणि गावातील पांदणींतून काळा चिखल असा माजलेला असतो की पायातली वहाण तेथेच राहावी. याच दिवसांत आषाढी अमावास्या येते. आमच्याकडे ती जिवतीची अमावास्या. घरोघर देव्हाऱ्याजवळ जिवतीचा कागद लागतो आणि लेकराबाळांच्या आयुष्यासाठी पूजा होते. उत्तरेकडील पंचांगात महिना पौर्णिमेला संपत असल्याने हीच तिथी तेथे श्रावणी अमावास्या ठरते, आणि छत्तीसगडात त्याच दिवशी हरेली साजरी होते. महिन्याचे नाव निराळे, परंतु दिवस एकच. मराठी घर आणि हिंदी शेजार यांच्या मधोमध वाढलेल्या आमच्या मुलांना हा दुहेरी हिशेब पाठ असतो.

याच अमावास्येपासून पोळ्यापर्यंतचा एक महिना हा गेडीचा महिना होय. गेडी म्हणजे दोन बांबू व त्यांना जमिनीपासून काही उंचीवर बांधलेली पायरी. पायरीवर पाय ठेवून, बांबू हातांत धरून चिखलावरून चालावयाचे. गोंड वस्त्यांतून आलेला हा खेळ शेजारधर्माने मराठी शेतकऱ्यांच्या अंगणात पोहोचला. बस्तरच्या मुरिया समाजात तर गेडीवर नृत्य करण्याची परंपरा आहे. आपल्या घरांतून कधी कधी ‘हा आदिवासींचा खेळ’ असे म्हणून मुलाला दूर ठेवले जाते. ज्यांच्या शेजारी आपण पिढ्यान्पिढ्या राहिलो, त्यांच्याकडून आलेली ही देणगी नाकारण्यात कसला मोठेपणा आहे, हे आम्हांस उमगत नाही.

मुलाची पहिली गेडी निवडणे हे वाटते तितके किरकोळ काम नाही. आपण पालक मंडळी काटकसरी. शाळेचा गणवेश घेताना तो वाढत्या अंगाचा घेतो. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या आणि चड्डी पट्ट्याने आवळलेली, अशी मुले प्रत्येक जून महिन्यात वर्गात बसलेली दिसतात. सदऱ्याच्या बाबतीत हे खपते, गेडीच्या बाबतीत खपत नाही. उंच पायरीची गेडी ‘पुढल्या वर्षीही चालेल’ म्हणून दिली, तर मूल पहिल्याच दिवशी पडते, धसका घेते आणि पुढल्या वर्षी गेडीला हातही लावीत नाही. पहिल्या गेडीची पायरी जमिनीपासून एका वितीहून उंच नसावी. एवढ्या उंचीवरून तोल गेला तर मूल सहज खाली उतरते, त्याला पडणे म्हणत नाहीत.

आमच्या जुन्या लोकांनी या काटकसरीवर एक सुंदर उपाय करून ठेवलेला आहे. पोळा झाला की अनेक गावांत गेड्या नदीनाल्यावर नेऊन सोडण्याची रीत आहे. म्हणजे पुढल्या वर्षी नवा बांबू, नवे माप. मूल बोटभर वाढले असेल तर पायरीही बोटभर वर चढते. गेल्या वर्षीची भीती आणि गेल्या वर्षीची घमेंड, दोन्हीही गेडीबरोबर वाहून जातात.

आता बांबूविषयी. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर वाढणारा मानवेल जातीचा बांबू पुष्कळसा भरीव असतो. गेडीला तोच उत्तम. त्या वर्षीचा कोवळा कोंब दिसावयास सरळ, परंतु भार पडताच वाकतो. तीन वर्षांचा बांबू निब्बर होतो. दोन्ही बांबू सारख्या जाडीचे आणि मुलाच्या मुठीत मावतील असे असावेत. खालचे टोक पेराच्या गाठीलगत कापावे, म्हणजे ते फाटत नाही व पोकळीत चिखल भरत नाही. पायरीही गाठीवर टेकेल अशीच बांधावी. गाठ नसेल तर दोर कितीही आवळला तरी भाराने हळूहळू खाली सरकतो. बांबूचे वरचे टोक डोक्याच्याही वर राहू द्यावे. डोळ्यांच्या पातळीत आलेले टोक पडताना घातक ठरते. आणि बांबू मिळवताना कायद्याची धास्ती बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होत असे, ती २०१७ च्या दुरुस्तीने बदलली. वनक्षेत्राबाहेर, शेताच्या बांधावर वाढलेला बांबू आता त्या अर्थाने वृक्ष राहिलेला नाही. राखीव जंगलातील बांबूला मात्र हात लावू नये.

जमीनही निवडावी लागते. गेडी चिखलासाठी जन्मली खरी, परंतु नवशिक्याने खोल चिखलात जाऊ नये. बांबू रुततो आणि उपसताना तोल जातो. सिमेंटच्या रस्त्यावर टोक घसरते. ओलसर मुरमाचे अंगण किंवा आखूड गवताचे मैदान ही पहिली पाठशाळा. पाठीशी ओटा किंवा भिंत असावी आणि मोठ्या माणसाने समोर उभे राहावे. काही हौशी मुले पाय निसटू नये म्हणून ते पायरीला दोराने बांधतात. हे कदापि करू देऊ नये. चालण्याआधी उतरणे शिकवावे, कारण वेळेवर पाय सोडवता येणे हाच या खेळातील पहिला धडा आहे.

गंमत अशी की, जगाच्या दुसऱ्या टोकाला बर्फाळ प्रदेशातील आईबापही याच विवंचनेत असतात. तेथे मुलाला बर्फावरून घसरण्यासाठी स्कीची पहिली जोडी घ्यावयाची असते. आपल्याकडे गुलमर्ग आणि औली येथे ती पाहावयास मिळते. पूर्वी हात वर केला की मनगटापर्यंत पोहोचेल इतकी लांब स्की घेत. आता नवशिक्याला हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान येईल अशी आखूड स्की देतात. उड्या व कसरती करण्याच्या मैदानांसाठी तर दोन्ही टोके वर वळलेली स्की असते, म्हणजे पाठमोरे उतरणेही साधते. अशी जोडी १९९८ च्या सुमारास लोकप्रिय झाली, आणि २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्या कसरतींना स्थानही मिळाले. तेथील जाणतेही हेच सांगतात की, वाढत्या मापाची स्की घेऊ नका. आणि स्कीचे बूट अडकवणारी कडी मूल पडताच सुटेल अशी बसवलेली असते. बर्फ असो की काळा चिखल, शहाणपण सारखेच.

फ्रान्समधील लांद प्रांताची कथा याहून बोलकी आहे. तेथील दलदलीच्या माळावर मेंढपाळ उंच गेड्यांवर चढून कळप राखीत. १८९१ साली सिल्व्हां दोर्नों नावाचा एक गृहस्थ पॅरिसहून थेट मॉस्कोपर्यंत गेड्यांवर चालत गेला. परंतु १८५७ च्या कायद्याने त्या दलदलीचा निचरा करून पाइनची झाडे लावण्यास आरंभ झाला होता. दलदल आटली तशी गेडीची गरज संपली. तरी तेथील लोकांनी ती टाकली नाही, लोकनृत्यात जपली. आपल्या गावांतही आता सिमेंटचे रस्ते झाले. चिखल उरला नाही म्हणून गेडीही उरू नये काय, हा प्रश्न आपणच सोडवावयाचा आहे.

पांढुर्ण्यात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे जाम नदीवर गोटमार भरते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव यांचे लोक दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे तो बहुधा या दगडांमुळेच. जो दिवस दगड हाती घेण्याचा, त्याच्या आदल्या दिवशी आमच्या मुलांच्या महिनाभराच्या एका निरुपद्रवी पराक्रमाची सांगता होते, हे मात्र कोणी सांगत नाही. गोटमारीत शौर्य दुसऱ्याच्या डोक्यावर मोजले जाते. गेडीवर ते स्वतःच्या तोलाने मोजले जाते. दोन्ही परंपराच आहेत. मुलाच्या हाती प्रथम कोणती द्यावयाची, एवढे तरी घरच्या वडीलधाऱ्यांच्या अखत्यारीत आहे.

इंदूर, जबलपूर, रायपूर वा आणखी दूर स्थायिक झालेल्या वाचकांना आमची एवढीच विनंती आहे की, जिवतीला गावी येणे जमले तर मुलांना बरोबर आणावे. माप घेण्यासाठी मूल समोर उभे असावे लागते. आजोबांनी अंदाजाने बांधून ठेवलेली गेडी बहुधा उंचच निघते.