न पटणाऱ्याला वेळ

गडचिरोलीत आपलं मत उघड बोलणं अनेक वर्षं जिवावर बेतत आलं. पोलिसांशी बोललं की नक्षलवादी खबऱ्या ठरवणार. नक्षलवाद्यांना जेवू घातलं की पोलीस संशय घेणार. अशा मुलखात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या पाचेकशे वस्तीच्या गोंड गावानं बोलण्याची एक रीत घडवली. तिचं मला फार अप्रूप आहे.

तिथली ग्रामसभा बहुमतानं ठराव करत नाही. एकाला जरी पटलं नाही, तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. मग एखादा आडमुठा साऱ्या गावाला वेठीस धरणार नाही का? शंका रास्त आहे. तिचं उत्तर अभ्यासगटात आहे. तिथं कोणीही यावं, बाहेरच्यानंही. कायदा वाचावा, आकडे मागावेत, कडकडून भांडावं. निर्णय मात्र तिथं होत नाही, तो ग्रामसभेचा. हात वर करून मोजणी व्हायची नसली की हरण्याची धास्ती राहत नाही, आणि धास्ती नसली की माणूस समोरच्याचं ऐकतो. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत चिकाटीनं जोपासली. याच वाटेनं गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

याच्या उलट, शेजारच्या चंद्रपुरात दारूबंदी २०१५ मध्ये आली, सत्ता बदलल्यावर २०२१ मध्ये उठली. बंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायकांचं दुःख खरं होतं. चोरटी दारू बोकाळली, हे म्हणणाऱ्यांचंही खोटं नव्हतं. पण दोन्ही वेळा निर्णय मुंबईत मंत्रिमंडळात झाला. एकदा हे जिंकले, एकदा ते.

आता गडचिरोलीतल्याच सुरजागडच्या लोहखनिजावरून तेच चाललं आहे. खाण मागणाऱ्याला पोराच्या हाताला काम हवं आहे, विरोध करणाऱ्याला डोंगरावरचा ठाकुरदेव राखायचा आहे. एक दुसऱ्याला दलाल म्हणतो, दुसरा पहिल्याला नक्षल्यांचा माणूस. या जिल्ह्यात अशा शब्दांनी माणसं मेली आहेत, म्हणून ते तोंडातून काढण्याआधी दहादा विचार करायला हवा.

तुमच्या गावात पुढची ग्रामसभा लागेल, तेव्हा तिच्या आधी एक बैठक फक्त अभ्यासाची ठेवा. तिथं काही ठरवू नका. आणि ज्याचं म्हणणं तुम्हाला मुळीच पटत नाही, त्याला सर्वांत आधी बोलू द्या.