राणी तोंड दाखवत नाही

बावीस वर्षं बदलापूरहून मुंबईला ये-जा करतोय आणि आपली लाइन तिरकी आहे हे मला गेल्या डिसेंबरात कळलं! तेही मोबाइलमध्ये पंचवीसेक फोटो वाया घालवल्यावर.

सकाळी नऊच्या सुमारास डेक्कन क्वीन बदलापूरवरून धडधडत मुंबईकडे जाते. सुट्टी होती, म्हटलं पुलावरून तिचा एक झकास फोटो घेऊ. 1930 पासूनची राणी, 2022 मध्ये नवे डबे मिळालेली. आली, गेली. फोटोत काय? मागे पांढरंफटक आभाळ नि पुढे काळा ठोकळा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

शेजारी सोसायटीतला अकरावीतला पोरगा उभा होता, गाड्यांचं भयंकर वेड असलेला. म्हणाला, "काका, क्वीन इथे तुम्हाला तोंड दाखवणारच नाही."

"का रे बाबा?"

त्याने पुलाच्या कठड्यावर बोटाने रेघ ओढली. कल्याण सोडलं की रूळ सरळ दक्षिणेला जात नाहीत, आग्नेयेला कलतात. 1856 साली कल्याणहून खोपोलीपर्यंत लाइन टाकली, ती उल्हास नदीच्या खोऱ्यातून घाटाच्या पायथ्याकडे. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, सगळी त्या तिरक्या रेघेवर. सकाळी ऊन पूर्वेकडून, म्हणजे मुंबईकडे निघालेल्या गाडीच्या पाठीवर. संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून आणि क्वीन पुण्याकडे चाललेली. पुन्हा पाठीवरच! जाताना सावली, येताना सावली.

मी तिथेच हसत सुटलो. अहो, हे तर आमचंच झालं! सकाळी उन्हाकडे पाठ करून ऑफिसला, संध्याकाळी उन्हाकडे पाठ करून घरी. बदलापूरकराच्या तोंडावर लोकलमध्ये ऊन पडतच नाही.

मग मात्र वेड लागलं. उलट्या दिशेच्या गाड्या शोधायला लागलो. सकाळी सातच्या सुमारास मुंबईहून सुटणारी डेक्कन एक्सप्रेस आठच्या आसपास इथे येते, आणि काय सांगू, इंजिनाच्या कपाळापासून बफरपर्यंत नुसतं केशरी ऊन! क्वीनपुढे हिचं नाव कोण घेतं? पण फोटोत महाराणी हीच.

आणि क्वीनची ती काळी तोंडं? त्यातही गंमत निघाली. जानेवारीत साडेआठच्या सुमारास सूर्य जवळजवळ रुळांच्या रेघेतच असतो. तेव्हा पूर्वेच्या बाजूला, फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या पुष्कळ मागे उभं राहून कर्जतच्या दिशेला बघा. लोकल येते ती काळीच, पण तिच्या कुशीवरून ऊन घसरत येतं. खिडकीच्या गजागजावर, दाराच्या दांड्यावर, दारात लटकलेल्याच्या डब्याच्या पिशवीवर एकेक सोनेरी काठ! रूळ तर वितळल्यासारखे. जांभळी-पांढरी लोकल इतकी देखणी असते हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

युक्ती एवढीच: स्क्रीनवर सर्वांत उजळ जागेवर बोट दाबून धरायचं, प्रकाश तिथे बांधला जातो, मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं. काळ्यातून नंतर बरंच बाहेर काढता येतं. जळालेलं पांढरं मात्र गेलं ते गेलं.

अंबरनाथला वेगळीच पंचाईत. छपराची सावली डब्याच्या बरोबर कमरेवर; वर अंधार, खाली लख्ख. मी छप्पर संपतं तिथे जाऊन उभा राहिलो तर विजेच्या खांबाची सावली मोटरमनच्या काचेवर आडवी. एक पाऊल डावीकडे, गाडी दोन डबे पुढे येईपर्यंत थांब, मग दाब. उल्हासनगरला इमारतींमधल्या फटींतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी येतं आणि धावती गाडी त्यातून झेब्र्यासारखी जाते. मला ते चक्क आवडलं. पोराने नाक मुरडलं.

इंडिकेटरने एकदा चांगलंच फसवलं. फोटोत 'बदलापूर'ची अर्धीच अक्षरं! ते दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात, आणि कडक उन्हात मोबाइल पापणी लवण्याआधीच फोटो घेऊन मोकळा होतो. गाडी थांबत आली की शटर जरा सावकाश ठेवायचं, नाव पूर्ण येतं.

मेच्या मध्यावर तर आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर. टपावरचा पेंटोग्राफ चमकतो, खिडक्या सगळ्या काळ्या विवरासारख्या. तेव्हा मी सरळ घरी झोपतो.

गेल्या रविवारी संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या बाजूला उभा होतो. मुंबईकडे जाणारी लोकल, जवळजवळ रिकामी, आणि ऊन तिच्या तोंडावर. मोटरमनने डोळ्यांवर हाताची झापड धरली होती. मला बघून तोच हात हलवला. माझाही हलला. फोटो पार फिसकटलाय, पुसला नाही.