माडीवरचा खर्ज

मागील वर्षीं आषाढांतल्या एका सायंकाळीं आमच्या माजघरांतील फडताळांत ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्या आपोआप किणकिणूं लागल्या. भूकंपाची शंका येऊन वहिनी देवघरांतून लगबगीनें बाहेर आल्या. सूनबाई हातांतलें लाटणें तसेंच धरून उभी राहिली. परंतु भूकंप कांहीं तालावर होत नाहीं. जरा कान देऊन ऐकल्यावर उलगडा झाला, कीं ही माडीवरच्या खोलींत चाललेल्या बेस गिटारची करणी आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणत असूं, त्यांचा नातू इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षांत आहे. लहान मुलांच्या शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून त्यानें हें वाद्य घेतलें. दादा स्वतः चांगले गात, त्यामुळें आमच्या घराला संगीताचें वावडें नाहीं. पण ज्या नादानें बरण्या हालतात त्याला संगीत म्हणावें किंवा नाहीं, याविषयीं घरांत दोन पक्ष पडले. "भाऊजी, तुम्हीच सांगा त्याला दोन शब्द," असें वहिनींनीं म्हटल्यावर तें काम, निवृत्त मास्तर या नात्यानें, माझ्या गळ्यांत पडलें. उपदेश करावयास म्हणून मी जिना चढलों, आणि दोन तासांनीं विद्यार्थी होऊन खालीं उतरलों.

या वाद्याला जाड तारा चार. त्यांतील सर्वांत खालची जी ई नांवाची तार, ती सेकंदास सुमारें ४१ आंदोलनें करते. दादा काळी एक पट्टींत गात. त्यांच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारें ६९ वेळां कंप पावे. म्हणजे दादा ज्याला तळ समजत, त्याच्याही खालीं हें वाद्य उतरतें. पूर्वीं पाश्चात्त्य वाद्यवृंदांत हें काम पुरुषभर उंचीचें, उभें धरून वाजवावयाचें डबल बेस करीत असे. इ. स. १९५१ मध्यें कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं तोच खर्ज गळ्यांत अडकवितां येईल अशा विजेच्या गिटारींत आणला. दांडीवर पडदे बसविल्यामुळें स्वर अचूक लागतो, म्हणून त्या वाद्याचें नांवही 'प्रिसिजन' असें ठेवण्यांत आलें. त्याला भोपळा नाहीं कीं पोट नाहीं. भरीव लाकडाची फळीच ती. तारेखालीं लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. पोलादी तार हालली कीं त्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो दोरीवाटे ध्वनिवर्धकाकडे जातो. या वाटेंत मध्येंच अडवून त्या प्रवाहावर संस्कार करणारे जे डबे, त्यांना पेडल म्हणतात.

पानाच्या डब्याएवढे असे सात डबे त्यानें एका फळीवर ओळीनें मांडले होते. पायानें दाबला कीं डबा कामाला लागे, पुन्हां दाबला कीं बाजूस होई. पहिला डबा, कॉम्प्रेसर, मोठा आघात दाबतो आणि लहान आघात वर आणतो. दांडग्या मुलाला खालीं बसवून भिडस्त मुलाला बोलतें करणाऱ्या मास्तराचीच ही रीत. दुसरा मूळ स्वराखालीं निम्म्या आंदोलनांचा एक स्वर जोडतो. तिसरा आघाताच्या जोराप्रमाणें आवाजाचें तोंड उघडतो आणि मिटतो, त्यामुळें तार जणूं कांहीं 'वाव्' असें बोलते. चौथा, ओव्हरड्राइव्ह, लहरींचे माथे छाटतो; त्या छाटण्यानें मुळांत नसलेले वरचे नादांश उत्पन्न होऊन आवाजाला खरखरीत धार येते. पांचवा त्याच स्वराची किंचित् मागून येणारी, किंचित् हेलकावणारी प्रत मिसळून एकाचे दोघे भासवितो. सहावा प्रतिध्वनि देतो. सातवा ईक्यू, तो खालचे, मधले आणि वरचे नादांश हवे तसे कमीजास्त करतो.

"इतकें सगळें कशाकरितां रे?" मीं विचारलें.

"अप्पा, मला माझा स्वतःचा आवाज हवा आहे."

"तो या डब्यांत आहे काय?"

"त्यांतूनच तर बनवावयाचा असतो," तो हंसून म्हणाला. मग त्यानें सातही डबे चालूं करून वाजवून दाखविलें. खालीं समुद्राची गाज, वर कांचेची झिलई; खरोखरच भव्य वाटलें. मीं त्याला शाबासकी दिली, आणि खालीं येऊन वहिनींना सांगितलें, कीं बरण्या दुसऱ्या फळीवर हलवा.

कार्तिकांत त्याच्या कॉलेजांत त्यांच्या मंडळीचा कार्यक्रम झाला. ड्रम, दोन गिटार, एक गाणारी मुलगी, आणि आमचे चिरंजीव. मी सहाव्या रांगेंत बसलों होतों. त्याचीं बोटें तारांवरून धांवतांना मला दिसत होतीं. परंतु तो काय वाजवीत आहे, तें मात्र शेवटपर्यंत कळलें नाहीं. छातींत एक मोघम गुरगुर तेवढी जाणवे. घरीं परततांना त्यानें विचारलें, "अप्पा, कसें झालें?" चाळीस वर्षांच्या नोकरींत खोटे गुण कोणाला दिले नाहींत, तें व्रत त्या रात्रींही मोडवलें नाहीं. मी म्हणालों, "बाळ, तूं दिसलास, पण ऐकूं आला नाहींस."

तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून माडी मुकी झाली. आठवडाभरानें सूनबाईकडून कळलें, कीं त्यानें वाद्य आणि डबे विकावयास काढले आहेत. माझ्या मनाला तें फार लागलें. खरें बोलणें हें सोपें असतें. खरें बोलून पुढें काय करावें तें सांगणें हें मास्तराचें खरें काम, आणि तें मीं केलेंच नव्हतें. वहिनी तर म्हणाल्या, "भाऊजी, बरण्या वाजेनाशा झाल्या. घर कसेंसेंच वाटतें."

त्या रात्रीं मला माझ्या नोकरीचें पहिलें वर्ष आठवलें. माझ्या गुरुजींचा आवाज धीरगंभीर होता. त्यांचें अनुकरण करून मीही घुमणाऱ्या आवाजांत संस्कृत शिकवीत असें. साठ मुलांचा वर्ग. आवाज भिंतींना धडके, पण मागल्या बाकांवरचीं मुलें रूपें चुकीचीं म्हणत. एक दिवस मुख्याध्यापक दाराशीं उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर ते म्हणाले, "तुमचा आवाज मागें पोंचतो, शब्द पोंचत नाहींत. स्वर मोठा करूं नका. व्यंजनें स्पष्ट करा." त्या दिवशीं गुरुजींचा आवाज मीं खालीं ठेवला, तेव्हां कुठें मुलांना माझा आवाज ऐकूं येऊं लागला.

सकाळीं माडीवर जाऊन ही हकीकत मीं त्याला सांगितली. तो प्रथम भिंतीकडे पाहत होता. व्यंजनांची गोष्ट निघतांच मात्र एकदम उठून बसला. त्यानें कार्यक्रमाचें ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावलें. मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकांतून ४१ आंदोलनांचा स्वर निघूं शकत नाहीं. तरीही चांगल्या ध्वनिमुद्रणांतला बेस त्यावर कळतो, कारण वरचे नादांश ऐकूं आले म्हणजे न ऐकूं आलेला मूळ स्वर आपला कान स्वतःच्या पदरचा भरून काढतो. ही मौजेची गोष्ट त्यानेंच मला सांगितली, आणि सांगतां सांगतां स्वतःच थांबला. या ध्वनिमुद्रणांत कानाला भरून काढावयास कांहीं उरलेंच नव्हतें!

दोष सांपडला तो सातव्या डब्यांत. एकट्यानें वाजवितांना खालचे आणि वरचे नादांश गोड लागतात, मधले जरासे नकटे वाटतात. म्हणून त्यानें मधले जवळजवळ पुसून टाकले होते. पण मंडळींत बसल्यावर तळ ड्रमवाल्याच्या पायाखालचा मोठा ड्रम व्यापतो, माथा झांजा आणि गिटार व्यापतात. बेसला आपली ओळख पटवून द्यावयास जागा उरते ती मधली. आणि तीच त्यानें मोकळी सोडली होती. सर्व स्वर होते, व्यंजन एकही नव्हतें.

पुढले तीन आठवडे मी रोज सायंकाळीं तासभर माडीवर बसूं लागलों. ड्रम आणि गिटार यांचें ध्वनिमुद्रण चालूं ठेवून तो त्यावर वाजवी, आणि मी डोळे मिटून "आलें", "गेलें" एवढेंच म्हणें. ५०० ते ८०० आंदोलनांच्या दरम्यानचे नादांश त्यानें हळूहळू वर आणले. एकट्यानें ऐकतांना आवाज ओबडधोबड झाला, परंतु मंडळींत स्पष्ट उमटला. निम्म्या आंदोलनांचा डबा प्रथम गेला. ४१ चे निम्मे म्हणजे वीस, ती मनुष्याच्या श्रवणाची अगदीं शींव. ऐकूं तर कांहीं येत नाहीं, ध्वनिवर्धकाची शक्ति मात्र खर्चीं पडते. हेलकावा, प्रतिध्वनि आणि 'वाव्' हेही फळीवरून उतरले. कॉम्प्रेसर त्यानें सौम्य केला. कारण तो फार कडक असला, कीं सगळे आघात सारखे होतात आणि बोटाची मर्जी नाहींशी होते. विजेची गुणगुण सतत येई, तिचेंही कारण सांपडलें. आमच्याकडील वीज सेकंदास ५० फेरे करते, आणि ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ चा; त्यामुळें ती गुणगुण स्वरांत लपून बसे. सर्व डब्यांना एकाच स्वस्त अडॅप्टरवरून वीज दिली होती. ती प्रत्येकास वेगवेगळी देतांच पार्श्वभूमि स्वच्छ झाली.

परंतु खरी किल्ली निराळ्याच ठिकाणीं होती. ओव्हरड्राइव्हनें धार येई खरी, पण खर्ज पातळ होई. त्या डब्यावर एक खुंटी असते. ती फिरविली कीं मूळचा निर्मळ आवाज आणि संस्कार झालेला आवाज, हे दोन्ही हव्या त्या प्रमाणांत मिसळतां येतात. ती आजवर त्यानें पूर्ण एका टोंकाला ठेवली होती. निर्मळ आवाज निम्म्याहून थोडा अधिक ठेवल्याबरोबर मी डोळे न उघडतांच म्हणालों, "आलें! आतां हालवूं नकोस." खालीं पाया जसाच्या तसा, आणि वर जो काय रंग चढवावयाचा तो चढलेला. सातांतले तीन डबे उरले. त्यांहून अधिक फरक पडला तो बोटाच्या जागेनें. घोडीजवळ छेडलें तर आवाज कडक, दांडीजवळ छेडलें तर वाटोळा. या दोहोंमधली चार बोटांची जागा त्याची स्वतःची ठरली.

एके दिवशीं त्यानें मला दोन वादक ऐकविले. डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांना साथ केली. एक डबा नाहीं, तारा जुन्यापुराण्या, आणि छेडावयास एकटी तर्जनी. ते १९८३ सालीं वारले. उलट बूट्सी कॉलिन्स यांची कीर्तिच मुळीं त्या 'वाव्' बोलणाऱ्या डब्यावर उभी आहे. एकानें कांहीं घेतलें नाहीं, दुसऱ्यानें भरपूर घेतलें. पण दोघेही पहिल्या चार मात्रांत ओळखूं येतात. तेव्हां डबे किती, हा प्रश्नच नव्हे. डब्यांच्या आड माणूस शिल्लक राहतो कीं नाहीं, हा आहे.

मग त्यानें दादांच्या तंबोऱ्याविषयीं विचारलें. दादा गेल्यापासून तो गवसणींतच होता. दादा गाण्यापूर्वीं अर्धा अर्धा तास तारेखालचा सुताचा धागा घोडीवर केसभर पुढें, केसभर मागें सरकवीत. जवारी उघडली कीं एका तारेंतून अनेक स्वर उमलत. "गाणें घटकाभर आणि सूत तासभर," अशी वहिनी त्यांची थट्टा करीत. त्या घोडीच्या रुंद, किंचित् वाटोळ्या पाठीमुळें वरचे नादांश कसे विपुल उठतात, याचा विचार चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ मध्यें आपल्या एका निबंधांत केला आहे. मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे अप्पा, धागा हें आजोबांचें पेडलच कीं!" मीं तंबोरा काढला, त्यानें नव्या तारा चढविल्या आणि धागा घालूं लागला. तासाभरानें जवारी बोलली. खालीं वहिनींनीं निवडायचें ताट बाजूस ठेवल्याचें मीं जिन्यांतून पाहिलें.

फाल्गुनांत दुसरा कार्यक्रम झाला. या वेळीं वहिनीही आल्या होत्या. कानांत कापूस घालून आल्या होत्या, तो पहिल्या गाण्यानंतर त्यांनीं काढला. मी डोळे मिटून बसलों होतों. तिसऱ्या गाण्याला त्या माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तो खालून चालतो आहे ना, तो आपला."

घरीं येतांना त्यानें, कसें झालें, म्हणून विचारलें नाहीं. बरण्या अद्यापि किणकिणतात. त्यांच्याखालीं आतां वहिनींनीं जुन्या पंच्याची घडी घातली आहे.