कान गच्च झालाय

‘डॉक्टर, कान गच्च झालाय,’ या एका तक्रारीत चार-पाच निरनिराळे आजार दडलेले असतात. सोलापुरात कानाचे रुग्ण तपासताना मी आधी विचारतो: दुखतोय की खाजतोय? वाहतोय? पाण्याला वास येतो का?

डोक्यावरून अंघोळ केली आणि कान बंद झाला, तर बहुधा मळ फुगलेला असतो. पावसाळ्यात खाजेनं झोप उडाली, तर बुरशी. आत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा राखाडी लगदा, वर काळे ठिपके. तेल घातल्याची कबुली नंतर येते, तीही आजीच्या नावावर. सर्दीबरोबर भरपूर, चिकट, बिनवासाचं पाणी आलं तर पडद्याला भोक असावं. थोडाच पण घाण वासाचा पू मात्र मला सावध करतो. तिथं हाड कुरतडलं जात असू शकतं, आणि ते थेंबांनी थांबत नाही.

कान आतून स्वच्छ दिसला, की ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवायचा. आवाज खराब कानात जास्त आला तर वाट अडलेली, चांगल्या कानात आला तर दोष नसेकडे. गंमत म्हणजे बिघडलेल्या कानात जास्त ऐकू येतंय हे सांगायला लोक संकोचतात आणि चांगल्या कानाकडे बोट दाखवतात. म्हणून दोनदा विचारावं लागतं. एका कानाचं ऐकणं रातोरात गेलं आणि आवाज चांगल्या कानाकडे वळला, तर त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कामगाराला मात्र फोर्क काही बोलत नाही. दोन्ही कान सारखेच गेलेले. तक्रार घेऊन येते बायको: टीव्ही फार मोठा लावतात. ते स्वतः म्हणतात, ‘ऐकू येतंय की, शब्द कळत नाहीत.’ ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झला खड्डा दिसतो. कारखान्यांसाठी कायद्याची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून मी कामावर कानात बोळे घालायला सांगतो.

‘बोळे घातले तर माग बिघडल्याचं कसं कळणार?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. ऐकू येणं कमी झालेल्याला बोळ्यांनी खरंच अडचण होते. शाबूत कानाला फारशी नाही. म्हणून सोबत आलेल्या, नुकत्याच मागावर लागलेल्या मुलालाही मी खुर्चीत बसवतो.