अर्जात कुणाचं तळं घालायचं?

उत्तर कॅनडातल्या तळ्यांमधल्या माशांत पारा किती आहे आणि तो वाढतो आहे का, हे मोजायला आम्हाला पैसे हवे होते. आम्ही म्हणजे प्रेअरीतल्या एका विद्यापीठातली छोटीशी प्रयोगशाळा: एक प्राध्यापक, काही विद्यार्थी आणि मी. अशा कामाला पैसे देणाऱ्या जागा तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली जुनी आणि भरवशाची म्हणजे नॉर्दर्न कंटॅमिनंट्स प्रोग्राम. केंद्र सरकारने तो १९९१ साली सुरू केला.

त्याच्या जन्माची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असते. १९८०च्या दशकात एरिक देवायी हे संशोधक दक्षिण क्विबेकमधल्या आयांच्या दुधात पीसीबी हे औद्योगिक विष किती आहे ते तपासत होते. तुलनेला 'स्वच्छ' दूध हवं, म्हणून त्यांनी उत्तर क्विबेकमधल्या नुनाविकच्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, बायकांच्या दुधाचे नमुने मागवले. कारखाने नाहीत, शेती नाही, रस्ते नाहीत, मग तिथलं दूध शुद्धच असणार. प्रत्यक्षात पीसीबीचं प्रमाण दक्षिणेच्या जवळपास पाचपट निघालं, आणि अशा धक्क्यांतूनच पुढे हा कार्यक्रम उभा राहिला. पीसीबीसारखी विषं उष्ण प्रदेशात हवेत उडतात, थंडीत खाली उतरतात, पुन्हा उडतात आणि टप्प्याटप्प्याने उत्तरेला पोचतात. तिथे ती चरबीत मुरतात आणि छोट्या माशातून मोठ्या माशात, माशातून सीलमध्ये आणि सीलमधून माणसात चढत जातात. पाऱ्याची तऱ्हा जरा वेगळी. तो चरबीऐवजी स्नायूंत, म्हणजे आपण खातो त्या मांसातच साठतो.

आमचा विषय पारा असला, तरी या विषांपैकी एकाशी माझी घरची ओळख होती. भारतात आमच्या गावी कणगीभोवती आणि मुंग्यांच्या वारुळांवर बीएचसी या कीटकनाशकाची पांढरी पावडर टाकत. तिचा वास अजून नाकात आहे. भारताने तिच्यावर १९९७ साली बंदी घातली. चीनने तर १९८३ सालीच ती थांबवली होती. या देशांनी वापर कमी केला तसतसं आर्क्टिकच्या हवेतलं तिचं प्रमाण उतरत गेलं. आर्क्टिक महासागराच्या थंड पाण्यात मात्र ती पुढे कित्येक वर्षं सापडत राहिली. मी फोनवर बाबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "अगं, पण आपण चिमूटभरच टाकायचो की!" आणि लगेच, "मग तुझा पगार त्या अर्जातनंच निघतो का?" निघतो, म्हटलं. तेव्हापासून ते दर हिवाळ्यात अर्जाची चौकशी करतात, संशोधनाची नाही.

या कार्यक्रमात अर्ज दोन चाळण्यांतून जातो. एक चाळणी शास्त्रज्ञांची: पद्धत बरोबर आहे का, नमुने पुरेसे आहेत का, प्रयोगशाळेची अचूकता पारखलेली आहे का. दुसरी चाळणी उत्तरेतल्या प्रादेशिक समितीची, जिच्यात स्थानिक संघटनांचे आणि सरकारचे लोक बसतात. ते विचारतात: गावाला याची गरज आहे का, गावाशी बोलणं झालं आहे का, काम कोण करणार, निकाल गावाला कसे कळणार. दुसऱ्या चाळणीत अडकलेला अर्ज पहिल्या चाळणीतल्या गुणांवर तरत नाही. हे मला योग्य वाटतं. माझ्या काही सहकाऱ्यांना वाटत नाही. २०१८ साली इनुइट तापिरीत कनातामी या राष्ट्रीय संघटनेने इनुइट लोकांचं स्वतःचं संशोधन धोरण जाहीर केलं. संशोधनाचा कारभार, पैसा आणि माहितीची मालकी या सगळ्यात आमचा हात हवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा चहाच्या टेबलावर कुणीतरी "आता विज्ञानही बहुमताने ठरणार" असं बोललं होतं. बोलणाऱ्याने उत्तरेतला मासा कधी खाल्लेला नव्हता.

ज्या गावाबरोबर आम्हाला काम करायचं होतं, ते नुनावुतच्या किटिकमिओट भागातलं. नुनावुत म्हणजे कॅनडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि २०२१च्या जनगणनेत माणसं ३६,८५८. गावं पंचवीस. एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. सगळं विमानाने, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर येणाऱ्या मालवाहू जहाजाने. प्रत्येक गावात शिकाऱ्यांची संघटना असते, हंटर्स अँड ट्रॅपर्स ऑर्गनायझेशन. तिच्या मंडळाने ठराव केल्याशिवाय आमच्यासारख्यांचं पान हलत नाही.

मंडळाची सभा हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी होती, आणि आम्ही फोनवरून हजर होतो. विषयपत्रिकेवर आमच्या आधी कस्तुरी बैलांच्या शिकारीचा कोटा आणि एका बिघडलेल्या शीतगृहाची दुरुस्ती. आमची पाळी येईपर्यंत बराच वेळ गेला आणि तो फार चांगला गेला. गावाला कशाची काळजी आहे, हे त्या तासाभरात जितकं कळलं तितकं कुठल्याही अहवालातून कळलं नसतं.

आम्ही मांडलेलं तळं गावापासून दूर होतं. तिथल्या 'आर्क्टिक चार' या माशाची (सामनचा थंडीतला भाऊबंद) जुनी मोजमापं आमच्याकडे होती. जुनी मालिका पुढे नेता आली तर हवामान बदलल्यावर पारा कसा वागतो ते दिसेल, असा आमचा हिशेब. फोनवर एक वयस्कर गृहस्थ बोलले आणि दुभाष्याने सांगितलं, "त्या तळ्यावर कोणी जात नाही. तिथला मासा कोण खातं?" मग त्यांनी दुसऱ्या तळ्याचं नाव घेतलं. मे महिन्यात घरंच्या घरं तिथे तंबू ठोकतात, बर्फाला भोकं पाडून मासे धरतात. अलीकडे तिथल्या लेक ट्राउटचं मांस मऊ लागतं, तोच मासा तपासा, असं त्यांचं म्हणणं.

शास्त्राच्या बाजूने बघितलं तर हा सौदा सोपा नव्हता. नव्या तळ्याची जुनी आकडेवारी शून्य. शिवाय लेक ट्राउट दुसरे मासे खाऊन जगतो आणि दीर्घायुषी असतो, म्हणून त्याच्यात पारा आर्क्टिक चारपेक्षा जास्तच निघणार. मोठा मासा, जुना मासा, जास्त पारा, हे न मोजताही सांगता येतं. म्हणून नुसता पारा मोजून भागत नाही. माशाच्या कानातला ऑटोलिथ नावाचा खडा कापून त्यावरची वलयं मोजायची, म्हणजे वय कळतं. नायट्रोजनचे समस्थानिक तपासायचे, म्हणजे तो अन्नसाखळीत किती वर बसतो ते कळतं. हे सगळं दोन तळ्यांसाठी करायचं, तर प्रत्येक तळ्यातले मासे कमी करावे लागणार. आमच्या संख्याशास्त्रवाल्या मैत्रिणीने नाक मुरडलं. शेवटी दोन्ही तळी ठेवली आणि जुन्या तळ्यावर एक वर्षाआड जायचं ठरवलं. अर्जातलं ते पान मला सगळ्यात आवडतं, कारण प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी कुणाशी वाद घातलेला आहे.

त्याच सभेत एका बाईंनी विचारलं, हा पारा येतो कुठून? मी सांगितलं, कोळसा जाळण्यातून आणि हाताने सोनं काढणाऱ्या छोट्या खाणींतून, मुख्यतः दूरच्या देशांतून. त्यात माझाही देश आला. क्षणभर लाइनवर काहीच ऐकू येईना. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं, तिथलंच कोणीतरी आलं." फोनवर सगळे हसले. ठराव मंजूर झाला.

अंदाजपत्रकात विद्यापीठाशी जुंपली. गावातल्या वाटाड्याचा रोज, स्नोमोबाइलचं भाडं, पेट्रोल, दुभाष्याचं मानधन, ज्येष्ठांचं मानधन, गोषवाऱ्याचं तिथल्या इनुइनाक्तुन भाषेत भाषांतर. हे सगळं हिशेबखात्याच्या दृष्टीने 'इतर'. स्नोमोबाइलसाठी तीन दरपत्रकं मागितली गेली. ज्या गावात भाड्याने गाडी देणारा एकच माणूस आहे आणि तोच वाटाड्याही आहे, तिथली तीन दरपत्रकं! सरकारी कचेऱ्यांचा अनुभव मी माझ्या गावाकडून घेऊन आले होते, म्हणून मला नवल वाटलं नाही. एकच दर का, याचं एक पान लिहून शिकाऱ्यांच्या संघटनेच्या व्यवस्थापिकेची सही घेतली आणि ते पान खपलं. आर्थिक वर्षही आपल्यासारखंच, १ एप्रिल ते ३१ मार्च. मंजुरी वसंतात येते, विद्यापीठात खातं उघडेपर्यंत मे उजाडतो, आणि मेमध्येच तर बर्फावर जायचं असतं. म्हणजे पैसे मिळण्याआधी वाटाड्याला शब्द द्यायचा, तिकिटं काढायची. आणि आधीच्या वर्षी गावात जाऊन ओळख करून घेण्याचा खर्च कोणत्याच रकान्यात बसत नाही. झालेल्या सहकार्याला पैसे मिळतात, होऊ घातलेल्याला नाही. आमच्या प्राध्यापकांकडे दुसऱ्या एका निधीतली शिल्लक होती म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे नसते, ते ई-मेलवर ओळख करून घेतात आणि दुसऱ्या चाळणीत अडकतात.

परवाने ओघाने आले: नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूटचा संशोधन परवाना, मत्स्यखात्याचा मासे धरण्याचा, विद्यापीठाच्या प्राणी-समितीचा. यातलं कंटाळवाणं बरंच आहे, ते सोडून देते.

एका कलमावर मात्र प्रादेशिक समितीने अर्ज परत धाडला. पारा जास्त निघाला तर लोकांना काय सांगणार, असा प्रश्न होता. आम्ही लिहिलं होतं की सल्ला आरोग्य खातं देईल, आणि नियमही तोच आहे. समितीला हवं होतं की आकडे आधी त्या खात्याकडे आणि शिकाऱ्यांच्या संघटनेकडे जावेत आणि गावात एकाच वेळी सांगितले जावेत. शोधनिबंध त्यानंतर. २०१२ साली नुनावुतच्या आरोग्य खात्याने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना रिंग्ड सीलचं यकृत टाळायला सांगितलं होतं, आणि त्याच सल्ल्यात सीलचं मांस खात राहा असंही होतं. हे दुसरं वाक्य गळालं की लोक घाबरून दुकानातलं महागडं, डब्यातलं खायला लागतात. आम्ही क्रम बदलून लिहून दिला. आणखी एक ओळ वाढवली: तपासणीला लागणारा तुकडा काढल्यावर उरलेला मासा ज्याने धरला त्याचा, आणि त्याला नको असेल तर गावाच्या शीतगृहाचा.

मंजुरी आली, मागितल्यापेक्षा कमी रकमेची. परिषदेच्या प्रवासाचे पैसे उडाले, दुभाष्याचे राहिले. कात्री माझ्या हातात असती तर मीही तिथेच लावली असती.

आमचा निधी एका वर्षाचाच असतो, त्यामुळे अर्ज दरवर्षी. या खेपेला संघटनेनेच ठरवलं आहे की गावाने स्वतः चालवायच्या देखरेखीसाठी जो वेगळा भाग कार्यक्रमात आहे, त्यातून आपण अर्ज करायचा. प्रमुख अर्जदार संघटना, आम्ही सहभागी. व्यवस्थापिकेची परवा ई-मेल आली: एका नमुन्याचा तुमचा दर काय, आणि निकाल फेब्रुवारीच्या वार्षिक सभेआधी देता येतील का. दर मी लगेच कळवला. फेब्रुवारीचं प्रयोगशाळेत विचारून सांगते म्हटलं, कारण जानेवारीत आमचं यंत्र दुसऱ्या गटाने आधीच अडवलेलं आहे आणि त्यांच्याशी अजून बोलायचं आहे.