घोड्याचा दमा आणि तोबऱ्यातली धूळ

दिवाळीची सुट्टी लागली की अलिबाग, काशीद, मुरूडच्या वाळूवर घोडे दिसू लागतात आणि अलिबागेत ओहोटीच्या वेळी घोडागाड्या पर्यटकांना घेऊन कुलाबा किल्ल्याकडे निघतात. घोडेवाल्यांच्या कमाईचे हे दिवस, आणि नेमक्या याच दिवसांत घोड्यांपुढे चार महिने कोकणच्या दमट हवेत राहिलेला पेंढा आणि गवत पडलेलं असतं. एखादा घोडा खोकू लागतो, उभ्या जागी धापा टाकू लागतो. मग श्वासनळी मोकळी करणारं औषध आणलं जातं, घोडा दोन दिवस बरा दिसतो आणि पुन्हा गाडीला जुंपला जातो. या उपचारात चूक औषधाची नाही, चूक समजुतीची आहे. श्वासनळीचा स्नायू आवळला म्हणून आपण त्याच्यामागे लागतो. पण तो हुकमाचा ताबेदार आहे. हुकूम कोण देतं आणि त्या हुकमाला जोर कुठून येतो, हे पाहिल्याशिवाय घोड्याचा दमा आटोक्यात येत नाही.

हुकूम येतो तो व्हेगस या मज्जातंतूकडून. त्याच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूपेशीवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटतं, पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि पेशी आखडते. मज्जातंतू रसायनाच्या भाषेत बोलतात हे ऑटो लोवी यांनी 1921 साली बेडकाच्या हृदयावर दाखवलं. 1936 चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर मिळालं. घोड्याच्या बाबतीतला पुरावा तितकाच साधा आहे. श्वासनलिकेच्या मागच्या बाजूच्या स्नायूची एक बारीक पट्टी कापायची, शरीराच्या तापमानाच्या क्षारद्रावात टांगायची, द्रावातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे आणि पट्टीचं एक टोक दोऱ्याने ताण मोजणाऱ्या यंत्राला बांधायचं. विजेचे हलके धक्के दिले की पट्टीतल्या मज्जातंतूंची टोकं जागी होतात आणि ती आखडते. आता द्रावात ॲट्रोपिन घाला. धक्के तेवढेच, पण पट्टी ढिम्म हलत नाही. ॲट्रोपिन फक्त ॲसिटिलकोलीनची जागा अडवतं, तेव्हा आकुंचन कुणाचं होतं हे वेगळं सांगायला नको.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की दमा म्हणजे ॲलर्जी, आणि ॲलर्जी म्हणजे हिस्टमीन. मग सर्दीची गोळी घोड्याला का देऊ नये? आक्षेप अगदीच पोकळ नाही. हिस्टमीन, सेरोटोनिन, ल्युकोट्राईन ही दाहात सुटणारी रसायनंही स्नायू आखडवतात. पण मिशिगन स्टेट विद्यापीठात एडवर्ड रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून वेगळंच चित्र पुढे आलं. घोड्याच्या बारीक श्वासनलिकांमध्ये ही रसायनं मज्जातंतूच्या हुकमाची धार वाढवतात. विजेचा धक्का तोच, आकुंचन मात्र जास्त. आता या तीन-चार रसायनांपैकी एकट्या हिस्टमीनचं दार लावून काय होणार? बाकीची दारं सताड उघडीच राहतात. घोड्याच्या दम्यावर हिस्टमीनविरोधी औषधं फारशी चालत नाहीत, याचं कारण मला इथे दिसतं. शिवाय निरोगी घोड्यात स्नायू सैल सोडणारे लगामही असतात. नायट्रिक ऑक्साईड सोडणारे मज्जातंतू, नळीच्या अस्तरातून पाझरणारं प्रोस्टाग्लँडिन ई-2 आणि रक्तातून येणारं ॲड्रेनालीन, हे ते लगाम. जुनाट दम्यात यातले पहिले दोन ढिले पडलेले आढळतात.

मग ॲसिटिलकोलीनच अडवावं ना? ही कल्पना नवी नाही. कोकणात बांधावर उगवणाऱ्या धोत्र्यात ॲट्रोपिनच्याच कुळातली द्रव्यं आहेत, आणि धोत्र्याचा धूर दम्यावर ओढायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज भारतातूनच विलायतेला घेऊन गेले. दमेकरी घोड्याला शिरेतून ॲट्रोपिन दिलं तर थोड्याच वेळात श्वास मोकळा होतो. अडथळ्यातला मोठा भाग स्नायूच्या आवळण्याचा असतो याचा जिवंत घोड्यातला हा पुरावा. पण तेच ॲसिटिलकोलीन आतडंही चालवतं. ते अडलं की आतडं थंडावतं, आणि घोड्याला पोटशूळ म्हणजे थेट जिवाशी गाठ. (धोत्र्याचा घरगुती प्रयोग कुणी करू नये, हे याच कारणासाठी.) श्वासनळी मोकळी करणाऱ्या क्लेनब्युटेरॉल या औषधाचा मार्ग निराळा: ते ॲड्रेनालीनचे ग्राही चेतवून स्नायू सैल करतं. मात्र सलग तीन आठवडे दिल्यावर घोड्यांच्या श्वासनळ्या उलट अधिक चिडखोर झाल्याचं प्रयोगात दिसलं आहे. आणि ही दोन्ही औषधं दाहाला हातसुद्धा लावत नाहीत.

दाह येतो धुळीतून. बुरशीचे कण आणि जिवाणूंच्या आवरणाचे अंश चाऱ्यातून नाकात जातात. ‘आमच्याकडे समुद्राची मोकळी हवा, इथे कसली धूळ?’ असं किनाऱ्यावर हमखास ऐकायला मिळतं. पण घोडा फक्त नाकाने श्वास घेतो आणि ते नाक तासन्‌तास तोबऱ्यात नाही तर गवतात खुपसलेलं असतं. तबेल्याच्या मधोमध मोजलेल्या धुळीपेक्षा नाकाशी मोजलेली धूळ कितीतरी जास्त भरते. वारा समुद्राचा असला तरी घोड्याच्या वाट्याला तोबऱ्यातलीच हवा येते. औषधावाचूनही फरक पडतो, याचा माँट्रियलमधल्या संशोधकांचा 2012 चा पुरावा बोलका आहे. जुनाट दम्याच्या घोड्यांना वर्षभर धुळीपासून दूर ठेवलं, तर श्वासनलिकांभोवती वाढलेला स्नायू सुमारे 30 टक्क्यांनी घटला. नाकावाटे स्टिरॉइड दिलेल्यांतही तेवढाच, फक्त लवकर.

पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन याच किनाऱ्यावर चौलला उतरला. इथे घोड्यांना साखर-तेल घालून खिचडी शिजवून घालतात, अशी नोंद त्याने केली आहे. खिचडीची शिफारस मी करत नाही, पण शिजवलेल्या चाऱ्याची धूळ उडत नाही एवढं खरं. भिजवून निथळलेलं गवत, बुरशी धरलेल्या पेंढ्याला रजा, चंदीवर पाण्याचा शिपका, आणि झाडलोट करताना घोडा तबेल्याबाहेर, एवढं घोडेवाल्याच्या हातात आहे. खर्च पाण्याचा आणि कष्टाचा. धापा टाकणाऱ्या घोड्याला दाह उतरवणारं औषध आणि विश्रांती लागेलच. श्वास मोकळा करणारं औषध तोवरची सोय म्हणून.

पर्यटकांनीही स्वार होण्याआधी मिनिटभर थांबावं. विसावलेला निरोगी घोडा मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो. उभ्या जागी ज्याच्या नाकपुड्या फुललेल्या आहेत आणि प्रत्येक उच्छ्वासाला पोट दोनदा आत ओढलं जातंय, त्या घोड्यावर बसू नका. आणि का बसत नाही, ते मालकाला सांगा.