डब्यातलं चीज

मे महिन्यात नवा रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. रस्ते भलते रुंद, झाडं अजून सावली धरायच्या वयाची नाहीत. दुपारी सेक्टर २७मध्ये चिटपाखरू दिसत नाही. अशा दुपारी वीज गेली की घरात सगळेच कासावीस होतात. शांत असतं ते फक्त पत्र्याच्या डब्यातलं अमूलचं चीज.

उन्हाशी सामना करण्यासाठीच अशा प्रोसेस्ड चीजचा जन्म झाला आहे. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी चीज वितळवून त्यात सायट्रेटचं मीठ घातलं, ते उष्ण देशांत पाठवताना टिकावं म्हणून. साधं चीज तापलं की त्यातला स्निग्धांश सुटा होतो. या मिठामुळे प्रथिनं स्निग्धांशाला आणि पाण्याला धरून ठेवतात. ताटलीत चेडरचा तुकडा आणि डब्यातल्या चीजची फोड शेजारी शेजारी ठेवून पाहा. चेडरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब उभे राहतात. हे मात्र कडेला जरासं चमकतं, इतकंच.

अमूलच्या चीजचा पिवळेपणाही बाहेरून आलेला. गुजरातेत म्हशीचं दूध मुबलक, आणि म्हशीच्या दुधाचं चीज पांढरंच निघतं. रंग येतो तो शेंदरीच्या बियांचा.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात आजी त्याला शिवत नसे. चीज करताना वासराच्या जठरातलं रेनेट घालतात, असं तिनं ऐकलं होतं. पुढे डब्यावर हिरवा ठिपका आला, सूक्ष्मजीवांपासूनही रेनेट मिळतं हे तिला पटलं. मग तिनं ते मऊ भातावर, मेतकुटाबरोबर खाऊन पाहिलं आणि शेवटपर्यंत तसंच खात राहिली. माझा मुलगा ते तांदळाच्या चील्यावर किसतो आणि वर टमाटरची चटणी घेतो. छत्तीसगढच्या स्वयंपाकात ते इतकं मुरलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. मुलीला मॉझरेलाच हवं. तार सुटली नाही तर तिच्या लेखी ते चीजच नव्हे.

पुण्याचा भाऊ जुन्या चेडरचा भक्त. त्याची तक्रार अशी, की डब्यातल्या चीजला वयच नाही. तक्रार खरी आहे. चेडर महिनोन्‌महिने मुरतं, कारण त्यातले जीवाणू आणि विकरं काम करत राहतात. इथे चीज वितळवलं की ते काम जवळपास थांबतं. जुन्या चेडरची जिभेला चावणारी धार याच्यात नाही, गौडाचा गोडवाही नाही. पण याचा खारटपणा सरळ आहे, आणि तिखटाला तो फार छान सांभाळून घेतो. ज्वारीची गरम भाकरी, लसणाची कोरडी चटणी आणि त्यावर पातळ काप : माझ्या मते याच्यापुढे चेडर आणि गौडा दोन्ही मागे पडतात. भावाला हे मी तोंडावर सांगितलेलं आहे.

डबा कटरनं उघडाल तर पत्र्याच्या कडेपासून हात जपा. उरलेलं चीज त्याच डब्यात ठेवू नका; झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. आणि खायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढा. गारढोण चीजला चव लागत नाही.